जुन्या जावाचे सुटे भाग: शोधायला निघण्याआधी

म्हैसूरच्या यादवगिरीतला 'आयडियल जावा'चा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर त्या कारखान्याच्या शिक्क्याचा माल बाहेर पडलेला नाही. जे काही उरलं ते दुकानांच्या वरच्या फळ्यांवर, गॅरेजमधल्या पत्र्याच्या डब्यांत आणि अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या अंगावर. हा साठा वाढणार नाही. हौशी माणसं मात्र वाढताहेत. वडिलांची किंवा काकांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरवून कुणीतरी कामाला लागतो, उत्साहात गाडी खोलतो, रंग उतरवतो, आणि मग एखाद्या ऑइल सीलवर किंवा हेडलाइटच्या कडीवर सगळं अडतं. खोललेली गाडी पोत्यात जाते आणि पुढेमागे त्या पोत्याचाच सौदा होतो. जुन्या गाड्या गंजून जेवढ्या मेल्या नसतील तेवढ्या अशा अर्धवट उघडून मेल्या, असं माझं मत आहे.

म्हणून हे पुस्तक दुरुस्तीचं नाही. इंजिन कसं उतरवावं, पॉइंटमधली फट किती ठेवावी, हे सांगणारी पुस्तकं आहेत आणि त्याहून चांगले मिस्त्री आहेत. हे पुस्तक त्याआधीच्या कामाचं आहे. नेमका कुठला भाग हवा हे ओळखायचं, तो कुठे मिळेल ते शोधायचं, आणि मिळणारच नसेल तर करून घ्यायचा की आहे त्याचीच डागडुजी करायची हे ठरवायचं. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीवरचा मूळ भाग कितीही थकलेला असला, तरी दुरुस्त होण्यासारखा आहे तोवर तो चकचकीत नकली भागापेक्षा मोलाचा आहे. पुढची सगळी प्रकरणं याच हट्टातून लिहिली आहेत. हा हट्ट रबराला लागू नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

जावा-येझदीच का, असं कुणी विचारेल. बुलेट घेतली असती तर हे पुस्तक निम्म्यात संपलं असतं. तिचं उत्पादन १९५५ पासून मद्रासला सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही, त्यामुळे काही ना काही मिळतंच. बुलेटवाल्यांचा ताप वेगळा. तिचे जुने आटे इंग्रजी मापाचे, काही ठिकाणी ५५ अंशांचे, आणि जवळपासचा मेट्रिक बोल्ट दामटून बसवणारे हात या देशात कमी नाहीत. राजदूत ३५० ची तऱ्हा आणखी निराळी. ती १९८३ ला आली, दशक संपता संपता गेली, आणि आज तिच्या भागांच्या किमती ऐकून सराफाकडे बसल्यासारखं वाटतं. जावा या दोघींच्या मधली. गाड्या भरपूर झाल्या, त्यामुळे भाग आहेत. पण कारखाना नाही, त्यामुळे कुठला भाग कशाचा हे सांगणारं अधिकृत कुणी नाही.

फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ही गाडी सुरू केली. त्यांच्या आडनावाची आणि ज्या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग त्यांनी घेतला त्या 'वाँडरर'ची सुरुवातीची अक्षरं जोडून 'जावा' झालं. आपल्याकडे १९६० मध्ये रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरची कंपनी काढली आणि १९६१ पासून २५० सीसीची '३५३' तिथे बनू लागली. सिलिंडर एक, बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून 'येझदी' झालं. तेलाचा स्वतंत्र पंप असलेली ऑइलकिंग आली, १९७८ ला रोडकिंग आली, क्लासिक आली, ऐंशीच्या दशकात दोन सिलिंडरची ३५० आली आणि फार न टिकता गेली. सुरुवातीला युरोपातून येणारे भाग हळूहळू इथेच होऊ लागले. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बदललं आणि काहीतरी तसंच राहिलं. नेमकं काय बदललं हे बाहेरून दिसत नाही.

पुण्याच्या नाना पेठेत जाऊन 'जावाचा पिस्टन आहे का?' असं विचारलं की मुरलेला दुकानदार 'कुठल्या?' एवढंच विचारतो. याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला दुकानात असेल तो पिस्टन मिळतो.

तेव्हा पहिलं काम घरातच करायचं. चेसिसवरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर साफ करून वाचायचा, आरसी बुकाशी ताडून पाहायचा, आणि त्या मॉडेलचं पार्ट्स कॅटलॉग मिळवायचं. कॅटलॉगात प्रत्येक जोडणी सुटी करून काढलेली असते. कुठल्या बोल्टखाली किती वायसर, स्प्रिंग कुठल्या बाजूला, सगळं दिसतं. हे चित्र गाडीपेक्षा जास्त विश्वासाचं धरावं, कारण गाडी चाळीस-पन्नास वर्षं रस्त्यावर आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत वाढलेली असते. जुन्या जावाच्या सांगाड्यात रोडकिंगचं इंजिन बसवलेलं सर्रास सापडतं. मागचा दिवा राजदूतचा, आरसा बुलेटचा, हँडल आणखी कशाचं तरी. आपल्या गाडीवर आज जे आहे त्याचीच जोडी शोधत फिरणारा माणूस कधी कधी परक्या गाडीचा भाग मोठ्या कष्टानं मिळवतो.

दुसरी गोष्ट मी पुस्तकभर पुन्हा पुन्हा सांगितली आहे, कंटाळा आला तरी वाचावी: सडका, तुटका, आटे गेलेला भाग फेकायचा नाही. नवा भाग बसून गाडी काही दिवस चालेपर्यंत तर मुळीच नाही. मोडका भाग हाच तुमचा नमुना. दुकानदाराला तो दाखवायचा, लेथवाल्याला त्यावरून माप घेता येतं, आणि जगात दुसरा मिळाला नाही तर वेल्डिंग करून त्यालाच उभा करायचा असतो.

आता काही भाग असे आहेत की त्यांच्यासाठी जावाच्या दुकानात जायचीही गरज नाही. बेअरिंग हा त्यातला मोठा वर्ग. ६३०५ क्रमांकाची बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ६२ आणि रुंदी १७. मग ती स्वीडनमध्ये बनलेली असो की चिंचवडला. तुमच्या बेअरिंगच्या कडेला कोरलेला आकडा भिंगातून वाचून घ्यायचा आणि सरळ बेअरिंगच्या व्यापाऱ्याकडे जायचं. आकड्यापुढे 'सी ३' अशी खूण असेल तर ती मात्र सोडू नये. आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक आहे असा तिचा अर्थ. क्रँकची बेअरिंग घट्ट बसते आणि तापते, म्हणून ती मोकळीक लागते. 'तेच आहे साहेब' म्हणून साधी बेअरिंग देणारे भेटतात. आकडा तोच असतो हे खरं, पण इंजिन तापलं की फरक कळतो.

ऑइल सीलचंही तसंच: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी अशी तीन मापं सांगितली की काम झालं. पण इथे हौशी माणूस हमखास फसतो. कुठल्याशा बंद पडलेल्या डीलरकडे कंपनीच्या न फोडलेल्या पाकिटातलं सील मिळतं, आणि अस्सल माल मिळाला म्हणून तो हरखून जातो. ते रबर तीस-चाळीस वर्षं कागदात वाळलेलं असतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमध्येच मिश्रण ओढलं जातं आणि दाबलं जातं, त्यामुळे क्रँकचं सील हे चार-स्ट्रोकसारखं नुसतं तेल अडवण्याचं काम करत नाही, ते इंजिनाच्या श्वासाचा भाग आहे. गिअरबॉक्सकडचं सील गेलं तर तेल ओढलं जाऊन पांढरा धूर सुटतो. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि भर उन्हात घाट चढताना पिस्टन धरतो. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला, पेट्रोलच्या कॉकातल्या बुचाला ते सोसत नाही. म्हणून रबराच्या बाबतीत माझा नियम उलटा आहे: जुनं अस्सल नको, ताजं हवं, आणि शक्य तिथे व्हिटॉनचं हवं. तो पाकिटातला नग संग्रहात ठेवायला हरकत नाही.

पिस्टनबद्दल एक सूचना इथेच करतो, कारण ती उशिरा कळून उपयोगाची नाही. आधी पिस्टन मिळवायचा, मग बोअर करायचा. ओव्हरसाइझ पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं मोठे होत जातात. सिलिंडर 'पन्नासला', म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, बोअर करून ठेवला आणि बाजारात पन्नासचा पिस्टनच मिळाला नाही, अशा अवस्थेत उभ्या असलेल्या गाड्या कमी नाहीत. बोअरिंगवाल्याच्या हातात पिस्टन द्यायचा. तो मोजून त्याच्या मापानं कापेल. तोच व्यास आणि तीच पिन असलेला दुसऱ्या गाडीचा पिस्टन 'बसतो' असं सांगणारे पुष्कळ. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगची तोंडं जागेवर धरून ठेवणाऱ्या बारीक खुंट्या असतात. रिंगचं तोंड पोर्टच्या खिडकीसमोर येऊ नये म्हणून त्यांची जागा ठरलेली असते. परक्या पिस्टनची खुंटी नेमकी खिडकीसमोर आली तर रिंगचं टोक अडकतं, मोडतं, आणि सिलिंडर ओरबाडून निघतो. पिस्टन बसतो का हे विचारण्यापेक्षा खुंट्या कुठे आहेत हे पाहावं.

जावाची एक खासियत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, खाली टाकला की गिअर, आणि गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो. मोठी हुशार रचना. पण दोन्ही कामांचा भार एकाच दातेरी जोडावर येतो, त्यामुळे दाते झिजतात आणि दांडा घसरायला लागतो. यावरचा गावठी उपाय म्हणजे दांडा शाफ्टला वेल्ड करून टाकणं. असा वेल्ड केलेला शाफ्ट दिसला की मी ती गाडी घेताना किंमत मुकाट्यानं कमी करतो, कारण पुढच्या वेळी इंजिन उघडायला तो कापावाच लागणार. दांडा आज नकली मिळतो, पण त्याचं पोलाद मऊ असतं. जुन्या दांड्याच्या डोक्यात नवं दातेरी बुश बसवून घेणं हा जास्त टिकाऊ मार्ग, आणि असं काम करणारे लोक आपल्याकडे आहेत.

कोल्हापूरचं उद्यमनगर हे नाव या पुस्तकात जागोजागी येईल. ओतकाम, लेथ, गिअर कापणं, उष्णता देऊन पोलाद कडक करणं, ही सगळी कामं चार गल्ल्यांत होतात, आणि शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ती परंपरा चालत आलेली आहे. तिथला कारागीर तुमच्या हातातला तुकडा बघून आधी 'कशाला हवंय?' असं विचारेल. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. भार कुठून येतो, तो भाग फिरतो की सरकतो, तेलात असतो की कोरडा, हे त्याला कळायला हवं. त्यावर धातू ठरतो. त्याला सरळ उत्तर द्यावं. 'नमुन्यासारखं करा' एवढंच सांगून चहाला गेलं की झिजलेल्या नमुन्यासारखा हुबेहूब झिजलेला भाग तयार होऊन मिळतो.

कार्ब्युरेटर, कॉइल, सहा व्होल्टचे दिवे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. जुन्या जिकॉव्ह कार्ब्युरेटरची स्लाइड ढिली झाली असेल तर गाडी आयडलवर कधीच शांत राहणार नाही. त्या जागी मिकुनी बसवून चालवणं मला अजिबात गैर वाटत नाही, फक्त मूळचा जपून ठेवावा. बारा व्होल्ट करण्याबद्दल मात्र जाणत्यांत कडाक्याचे वाद आहेत. रात्री चालवायची असेल तर करा.

पत्रा आणि क्रोम ही खरी कसोटी. लाल टाकीच्या दोन्ही कुशींवरचं क्रोम ही या गाडीची ओळख, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. क्रोम म्हणून दिसतो तो थर अगदी पातळ असतो. खालचं काम तांबं आणि निकेल करतात, आणि त्याही खाली पत्र्याला पॉलिश करणारा माणूस. टाकी बफवर दाबून धरली की गंजाचे खड्डे जातात आणि त्यांच्याबरोबर पत्राही जातो, कडा गोल होतात, नक्षी पुसट होते. घाईत तांब्याचा थर वगळून थेट निकेल केलेली टाकी दुकानात सुंदर दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगते. क्रोमच्या सांडपाण्यावर आता निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण सहा संयुजी क्रोमियम विषारी आहे. त्यामुळे जुने प्लेटिंगवाले शहरांतून कमी झाले. चांगला प्लेटर सापडला तर त्याला घाई करू नये आणि पॉलिशिंगच्या वेळी शक्य असेल तर स्वतः उभं राहावं. नव्या नकली टाक्या मिळतात, मडगार्ड मिळतात, सायलेन्सरही मिळतात. पण हातात धरून बघा: पत्रा हलका लागतो, गोलाई चुकलेली असते, आणि सायलेन्सरच्या आतली पडद्यांची रचना मुळाबरहुकूम नसेल तर टू-स्ट्रोकची ताकद आणि आवाज दोन्ही बदलतात. जावाचा तो ओळखीचा ठेका बाहेरच्या नळकांड्यातून येत नाही, आतल्या रचनेतून येतो.

बाजारांबद्दल वाचकांची सगळ्यात जास्त उत्सुकता असेल. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत शुक्रवारचा चोरबाजार, दिल्लीत करोल बाग, बंगळूरला जे. सी. रोड, चेन्नईत पुदुपेट. दुकानांची यादी मी मुद्दाम दिलेली नाही, कारण ती छापेपर्यंत शिळी होते. सवय मात्र शिळी होत नाही. मोजमापाचं कॅलिपर आणि नमुना खिशात असावा. एकाच फेरीत सगळं मागू नये. आणि भाव करताना माल नावाजू नये. छोट्या गावांतल्या दुकानांना मी शहरांपेक्षा जास्त गुण देतो. सांगली, अकलूज, बार्शी अशा ठिकाणी एकेकाळी साखर कारखान्याच्या आणि द्राक्षाच्या पैशातून गाड्या गेल्या, त्यांच्यासाठी भाग ठेवले गेले, आणि मागणी संपल्यावर ते फळीवरच राहिले. अशा दुकानात थोरल्या मालकाशी बोलावं. काउंटरवरच्या मुलाला कॉम्प्युटरमध्ये जे दिसत नाही ते त्यांना माळ्यावर आहे हे आठवतं.

परदेशातूनही माल येतो. ३५३ ची मूळ आवृत्ती युरोपात प्रचंड खपली, त्यामुळे चेक प्रजासत्ताकात तिचे भाग अजून नव्यानं बनतात, आणि तिकडे असलेला एखादा भाचा-पुतण्या बॅगेतून आणूनही देतो. आपल्या सुरुवातीच्या गाड्यांना त्यातलं बरंच चालतं. म्हैसूरच्या नंतरच्या गाड्यांसाठी मात्र माप ताडल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. आणि २०१८ मध्ये परत आलेल्या नव्या जावाच्या शोरूममध्ये जाऊन विचारणाऱ्यांसाठी: ते पाण्यानं थंड होणारं चार-स्ट्रोक इंजिन आहे. चेहरा आजीवर गेलाय, पण नव्या गाडीचा एकही पिस्टन तुमच्या कामाचा नाही.

एका भागासाठी अख्खी गाडी विकत घेऊन फोडण्याची प्रथा वाढते आहे. ती थांबायला हवी असं मला वाटतं. जिची कागदपत्रं चोख आहेत आणि जी चालू शकते, अशी गाडी दुसरीच्या नट-बोल्टासाठी मोडू नये. कागद नसलेल्या, सांगाडा वाकलेल्या गाड्या त्यासाठी पुरेशा आहेत. सुटं इंजिन घेताना नंबर घासलेला किंवा नव्यानं ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी मागे फिरावं. ते चोरीचं असू शकतं. केसिंग बदललं की नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

नोंदणीचा आणखी एक धागा इथे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या दुचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. १९७८ ची पहिली रोडकिंग २०२८ मध्ये पन्नाशीला पोचेल. आज जो माणूस तिच्यावर डिस्क ब्रेक आणि अलॉय चाकं चढवून मूळचा हब भंगारात घालतो आहे, त्याला तेव्हा तोच हब शोधत फिरावं लागेल.

पुस्तकातली मापं मी आणि माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी प्रत्यक्ष भागांवरून घेतलेली आहेत. तुमच्या गाडीवर वेगळं माप निघालं, आणि तो भाग कॅटलॉगातल्या चित्राशी जुळत असला, तर पुस्तकापेक्षा गाडीवर विश्वास ठेवा आणि समासात लिहून ठेवा. आणि एक विनंती, विशेषतः ज्यांच्या घरी पूर्वी जावाची किंवा येझदीची एजन्सी होती त्यांना. माळ्यावरचे खोके रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी एकदा उघडा. पिस्टन आणि दिव्यांच्या काचा तर असतीलच, पण त्याहून महत्त्वाची म्हणजे खाली दबलेली पार्ट्स कॅटलॉगं, सर्व्हिस पत्रकं आणि पुरवठादारांच्या नावानिशी असलेली जुनी बिलबुकं पाहा. भाग कुणालाही विका, हरकत नाही. कागद मात्र आधी झेरॉक्स करून एखाद्या जावा क्लबकडे द्या.